लंडनला पोहोचणं आणि लंडनमध्ये फिरणं: तयारीपासून परतीपर्यंत, योग्य क्रमाने

लंडनच्या सहलीची तयारी आपल्याकडे बहुतेक वेळा प्रेक्षणीय स्थळांच्या यादीपासून सुरू होते. बकिंगहॅम पॅलेस, टॉवर ब्रिज, लंडन आय, मादाम तुसाँ. यादी होते, विमानाची तिकिटं निघतात, स्वस्त दिसलेलं हॉटेल बुक होतं, आणि शहरात फिरायचं कसं हा विषय थेट हीथ्रोवर उतरल्यावर निघतो. मग नवरा-बायको एकाच कार्डावर गेटमधून जायला बघतात, भारतातलं बँकेचं कार्ड यंत्र घेत नाही, बाहेर पडताना कार्ड टेकवायचं राहून जातं आणि भलत्याच फाट्याची गाडी पकडली जाते. पैसे जातात ते जातातच, पण मोजून आखलेल्या सहलीचे अर्धे-अर्धे दिवसही वाया जातात.

यातली प्रत्येक चूक टाळता येते. त्यासाठी क्रम बदलावा लागतो. आधी व्हिसा, मग रेल्वेचा नकाशा समोर ठेवून राहण्याची जागा, मग घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं कार्ड, आणि स्थळांची यादी सगळ्यात शेवटी. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. भाड्याचे आकडे २०२५ मधले आहेत. लंडनचे दर बहुतेक वेळा मार्चमध्ये बदलतात, त्यामुळे निघण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडन या तिथल्या सरकारी वाहतूक संस्थेच्या संकेतस्थळावर ताजे दर एकदा बघून घ्या.

टप्पा १: व्हिसा, मगच पैसे परत न मिळणारी बुकिंग्ज

पॅरिस, रोमला चालणारा शेंगेन व्हिसा लंडनला चालत नाही, आणि ब्रिटनचा व्हिसा पॅरिसला चालत नाही. "लंडनहून ट्रेनने एक दिवस पॅरिसला जाऊन येऊ" असं ठरवत असाल तर दोन वेगळे व्हिसा लागतील. हे विमानाची तिकिटं काढल्यावर कळणारी कुटुंबं अजूनही भेटतात.

१. पर्यटकांसाठी 'स्टँडर्ड व्हिजिटर' व्हिसा असतो. अर्ज ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. प्रवासाच्या तारखेच्या जास्तीत जास्त ३ महिने आधी अर्ज करता येतो.

२. त्यानंतर बोटांचे ठसे आणि फोटो देण्यासाठी व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रावर जायचं. महाराष्ट्रात मुंबई आणि पुण्यात ही सोय आहे. निर्णय सहसा ३ आठवड्यांत येतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीआधी गर्दी असते. एप्रिल-मेमध्ये जायचं असेल तर फेब्रुवारीतच अर्ज करा.

३. मराठीतली कागदपत्रं, म्हणजे विवाह नोंदणीचा दाखला, सातबारा, घरपट्टीची पावती, पुराव्यादाखल जोडणार असाल तर प्रत्येकाचं इंग्रजीतलं प्रमाणित भाषांतर सोबत द्या. नुसती मराठी प्रत जोडली तर ती धरली जात नाही.

सावध: अर्जाच्या आधी चार दिवस खात्यात मोठी रक्कम आणून ठेवू नका. अधिकारी शिल्लक बघतात, तसा तिथे आलेला पैसा कुठून आला हेही बघतात. मुलाने किंवा भावाने खर्चाला पैसे दिले असतील तर तसं पत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडा. नियमित पगार किंवा पेन्शन दिसणारं साधं खातं अचानक फुगलेल्या खात्यापेक्षा जास्त विश्वासाचं ठरतं.

तपासणी: व्हिसा मिळाल्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि दोन्ही तारखा त्याच दिवशी नीट वाचा. चूक दुरुस्त करून घ्यायची ती भारतात असतानाच.

टप्पा २: राहण्याची जागा भाडं बघून नाही, लाइन बघून

लंडनचं भाडं झोनवर ठरतं. झोन १ म्हणजे शहराचा गाभा. तिथून जसजसं बाहेर जाल तसतसे २, ३, ४ असे पट्टे लागतात. हीथ्रो विमानतळ झोन ६ मध्ये येतो. पर्यटकाला जे बघायचं असतं त्यातलं बहुतेक झोन १ मध्ये, थोडंफार झोन २ मध्ये आहे. झोन ५ मधलं हॉटेल रात्रीमागे थोडं स्वस्त दिसतं, पण रोजचं जादा भाडं आणि जाण्या-येण्यातले दोन तास धरले तर ते महाग पडतं. माझं स्पष्ट मत असं की, चार-सहा दिवसांच्या सहलीसाठी झोन २ च्या बाहेर हॉटेल घेऊच नये.

हीथ्रोवरून शहरात येणाऱ्या दोन लाइन कामाच्या आहेत: पिकॅडिली आणि एलिझाबेथ. हॉटेल यांपैकी एकीवर घेतलं तर सामान घेऊन गाडी बदलावी लागत नाही. पिकॅडिलीवर हॅमरस्मिथ, अर्ल्स कोर्ट आणि किंग्ज क्रॉस ही स्टेशनं सोयीची. एलिझाबेथवर पॅडिंग्टन, टॉटनहॅम कोर्ट रोड, फॅरिंग्डन, व्हाइटचॅपल.

आई-वडील बरोबर असतील तर या टप्प्यावर जास्त वेळ द्या. लंडनची भुयारी रेल्वे जुनी आहे आणि अनेक स्टेशनांवर लिफ्ट नाही. एलिझाबेथ लाइनच्या सगळ्या स्टेशनांवर मात्र रस्त्यापासून फलाटापर्यंत पायरी न चढता जाता येतं. ट्रान्सपोर्ट फॉर लंडन पायऱ्या नसलेल्या स्टेशनांचा वेगळा नकाशा काढतं. तो उतरवून घ्या आणि हॉटेलचं स्टेशन त्यात आहे का ते बघा. शिवाय अर्ल्स कोर्ट, पॅडिंग्टन, किंग्ज क्रॉस भागातली बरीच स्वस्त हॉटेलं जुन्या चार मजली घरांमध्ये आहेत आणि तिथे लिफ्ट नसते. बुकिंगच्या पानावर 'लिफ्ट' हा शब्द दिसला नाही तर नाही असंच धरा आणि विचारून खात्री करा.

नातेवाइकांकडे उतरणार असाल तर त्यांचं स्टेशन कोणत्या झोनमध्ये आहे हे आधी विचारा. स्लाव किंवा रेडिंगला राहणाऱ्यांकडे जाणाऱ्यांसाठी एक मोठी अडचण आहे, ती पुढच्या टप्प्यात सांगतो.

टप्पा ३: माणशी एक कार्ड, आणि ते भारतातच तयार

लंडनमध्ये मेट्रोचं कागदी तिकीट काढणं म्हणजे मुद्दाम जास्त पैसे देणं. बसमध्ये तर रोख घेतच नाहीत. फिरण्याचे खरे पर्याय दोनच: तुमचं बँकेचं संपर्करहित, म्हणजे टॅप करता येणारं कार्ड, किंवा लंडनचं ऑयस्टर कार्ड. दोन्हींवर प्रौढांचं भाडं सारखंच पडतं.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: एका माणसाला एक कार्ड. गेट पहिल्या टॅपला प्रवासाची सुरुवात समजतं आणि दुसऱ्या टॅपला शेवट. म्हणून एका कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. चौघांच्या कुटुंबाला चार कार्डं लागतात (लहान मुलांचं पुढे बघा).

बँकेचं कार्ड वापरायचं असेल तर हे क्रमाने करा:

१. कार्डावर व्हिसा, मास्टरकार्ड किंवा अमेरिकन एक्स्प्रेस असं लिहिलेलं हवं. रुपे कार्ड लंडनच्या गेटवर चालत नाही.

२. कार्डावर चार वक्र रेघांचं टॅपचं चिन्ह आहे का बघा.

३. बँकेच्या अॅपमध्ये जाऊन दोन बटणं सुरू करा: आंतरराष्ट्रीय व्यवहार आणि संपर्करहित व्यवहार. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांमुळे नवीन कार्डावर या दोन्ही सोयी बंद असतात आणि त्या ग्राहकालाच चालू कराव्या लागतात. बहुतेक लोक पहिलं बटण दाबतात आणि दुसरं विसरतात. मग दुकानात पिन टाकून कार्ड चालतं आणि मेट्रोच्या गेटवर लाल दिवा लागतो.

४. दोन्हींच्या रोजच्या मर्यादाही बघा. मर्यादा शून्य ठेवलेली असेल तर बटण चालू असूनही उपयोग नाही.

५. परकीय चलनाच्या व्यवहारावर बँक किती टक्के शुल्क घेते ते विचारा. पौंड भरलेलं फॉरेक्स कार्ड बऱ्याच जणांना स्वस्त पडतं. तेही टॅप होणारं आहे का, हे देणाऱ्याकडून नक्की करून घ्या.

६. भारतातला नंबर रोमिंगवर चालू ठेवा, निदान एसएमएस येण्यापुरता. ओटीपी तिथेच येणार आहे.

ऑयस्टर कार्ड स्टेशनवरच्या यंत्रातून मिळतं. त्याची १० पौंड किंमत परत मिळत नाही. त्यात पैसे भरून वापरायचं. ऑयस्टर कुणी घ्यावं? ज्यांच्याकडे चालणारं बँकेचं कार्ड नाही त्यांनी, किंवा ज्यांच्याबरोबर ११ ते १५ वर्षांची मुलं आहेत त्यांनी. कार्ड घेऊन स्टेशनवरच्या कर्मचाऱ्याला 'यंग व्हिजिटर' सवलत लावायला सांगा. १४ दिवसांपर्यंत त्या मुलाचं भाडं निम्मं होतं. बँकेच्या कार्डावर ही सवलत लागत नाही. ११ वर्षांखालची मुलं पैसे भरणाऱ्या मोठ्या माणसाबरोबर मेट्रोत मोफत जातात, एका मोठ्यामागे चारपर्यंत. त्यांना कार्ड लागत नाही. रुंद गेटवर उभ्या कर्मचाऱ्याला सांगून त्यांना तुमच्याबरोबर आत न्या.

आणखी एक गैरसमज: साठीच्या पुढच्यांना लंडनमध्ये प्रवास फुकट असतो असं आपल्याकडे सांगितलं जातं. ती सवलत लंडनच्या रहिवाशांसाठी आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना पूर्ण भाडं लागतं, त्यांचंही कार्ड तयार ठेवा.

आता ती अडचण. एलिझाबेथ लाइन पश्चिमेला रेडिंगपर्यंत जाते, पण ऑयस्टर फक्त वेस्ट ड्रेटनपर्यंत चालतं. स्लाव, मेडनहेड, रेडिंग त्याच्या पुढे आहेत. तिथे बँकेचं टॅप कार्ड किंवा वेगळं तिकीटच लागतं. ऑयस्टरवर चढून स्लावला उतरलात तर बाहेर पडताना अडकाल आणि दंडही होऊ शकतो. तिथे उतरणार असाल तर ऑयस्टर घेऊच नका.

तपासणी: निघण्याच्या आठवड्यात फॉरेक्स कार्ड सोडून प्रत्येक कार्ड जवळच्या दुकानात टॅप करून बघा. आंतरराष्ट्रीय सोय तिथे तपासली जात नाही, पण टॅप चालतो की नाही हे कळतं. आणि माणशी दुसरं राखीव कार्ड बरोबर ठेवा, वेगळ्या बॅगेत.

टप्पा ४: बॅगेत काय नसावं

भारतातून ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, पनीर, तूप, खवा, सगळं यात आलं. ताजी फळं आणि भाज्याही थोडे अपवाद सोडले तर प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, त्यामुळे मे महिन्यात मुलीसाठी हापूसची पेटी न्यायची असेल तर ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर आंब्याचा नियम आधी बघा. चकली, चिवडा, बाकरवडी, सुकी चटणी असं कोरडं खाणं चालतं.

भारतातली गोल पिनांची प्लग तिथल्या तीन चौकोनी पिनांच्या सॉकेटमध्ये बसत नाही. माणशी एक अॅडाप्टर घ्या, घरूनच.

टप्पा ५: हीथ्रोवर उतरल्यावर

१. भारतीय पासपोर्टला स्वयंचलित ई-गेट वापरता येत नाही. सरळ अधिकारी बसलेल्या रांगेकडे जा. किती दिवस, कुठे राहणार, कुणाबरोबर, परत कधी, इतकेच प्रश्न असतात. हॉटेलचा किंवा नातेवाइकांचा पूर्ण पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर हातात ठेवा, कारण फोनची बॅटरी नेमकी तिथेच संपते. आई-वडिलांना इंग्रजी अवघड जात असेल तर कुटुंबाने एकत्रच खिडकीपाशी जा.

२. सामान घेतल्यावर रेल्वेच्या पाट्या बघा. शहरात जायला तीन गाड्या आहेत:

पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त. झोन १ पर्यंत ५.८० पौंड. मध्यवर्ती भागात यायला साधारण तासभर लागतो, पण गाडी इथूनच सुटत असल्याने बसायला जागा मिळते.

एलिझाबेथ लाइन मोठी, थंड आणि वेगवान. पॅडिंग्टनला साधारण अर्ध्या तासात. भाडं मात्र पिकॅडिलीच्या दुपटीहून जास्त, जवळपास १४ पौंड.

हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते आणि २५ पौंड घेते. ज्याचं हॉटेल पॅडिंग्टनलाच आहे आणि ज्याने खूप आधी स्वस्त तिकीट काढलं आहे, त्याने जावं. बाकीच्यांनी नाही.

सावध: एलिझाबेथ आणि हीथ्रो एक्स्प्रेस दोन्ही पॅडिंग्टनकडे जातात आणि पाट्या जवळजवळ असतात. गाडीत चढण्याआधी डब्यावरचं नाव वाचा. ज्येष्ठांबरोबर आणि जड सामानाबरोबर मी एलिझाबेथच सुचवेन. दोघं तरुण असतील आणि हॉटेल अर्ल्स कोर्टला असेल तर पिकॅडिली.

शुक्रवार आणि शनिवारच्या रात्री पिकॅडिली रात्रभर चालते, पण टर्मिनल ४ ला नाही. बाकीच्या रात्री उशिरा उतरलात तर एन९ ही रात्रीची बस हीथ्रोवरून शहरात येते.

टप्पा ६: टॅप करण्याची शिस्त

पैसे सर्वांत जास्त इथे वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

मेट्रो, एलिझाबेथ, ओव्हरग्राउंड (जमिनीवरून धावणारी शहरी रेल्वे) आणि डीएलआर (पूर्व लंडनमधली डॉकलंड्स लाइट रेल्वे) या सगळ्या रेल्वेंमध्ये आत जाताना टॅप आणि बाहेर पडताना टॅप. बसमध्ये फक्त चढताना टॅप, उतरताना नाही.

बाहेर पडताना टॅप राहिला तर यंत्राला तुम्ही कुठवर गेलात हे कळत नाही आणि ते कमाल भाडं कापतं. बहुतेक स्टेशनांवर गेट असल्यामुळे विसरता येत नाही. पण डीएलआरच्या अनेक स्टेशनांवर गेटच नाही, फक्त खांबावर पिवळं यंत्र असतं. ग्रिनिचला जाणारे पर्यटक कटी सार्क स्टेशनवर उतरतात आणि गप्पा मारत तसेच बाहेर जातात. गेट नसलं तरी पिवळं यंत्र शोधायचं, हिरवा दिवा बघायचा, मगच पुढे.

आत आणि बाहेर एकच कार्ड. ज्या प्लास्टिकच्या कार्डाने आत गेलात त्यानेच बाहेर या. तेच कार्ड फोनमध्ये भरलेलं असलं तरी यंत्राच्या दृष्टीने फोन आणि प्लास्टिक ही दोन वेगळी कार्डं आहेत. सकाळी कार्ड आणि दुपारी फोन असं केलंत तर दिवसाची मर्यादा दोन तुकड्यांत विभागली जाते. एकाच प्रवासात अदलाबदल केलीत तर दोन अपुरे प्रवास होतात आणि दोन्हींवर कमाल भाडं.

पाकीट यंत्रावर ठेवू नका. आत चार कार्डं असतील तर यंत्र कोणतंही एक वाचतं. टॅपचं कार्ड वेगळं काढून ठेवा.

एकाच स्टेशनवर आत जाऊन तिथूनच बाहेर पडलात तरी पैसे कापले जातात. "फोटो काढून येतो" म्हणून आत जाऊ नका.

आता मर्यादेबद्दल. दिवसभर कितीही फिरलात तरी एका कार्डावर ठरावीक रकमेपेक्षा जास्त कापलं जात नाही. झोन १ आणि २ मध्ये ही मर्यादा ८.९० पौंड आहे. फक्त बसने फिरलात तर ५.२५ पौंड. पास काढायची गरज नाही, यंत्र आपोआप हिशेब करतं, आणि बँकेच्या कार्डावर दिवसाची सगळी रक्कम एकदम लागते.

आठवड्याचीही मर्यादा आहे, झोन १-२ साठी ४४.७० पौंड, पण तिचा आठवडा सोमवार ते रविवार असा ठरलेला असतो. सोमवारी येऊन रविवारी जाणाऱ्याला ती पूर्ण मिळते. गुरुवारी उतरून पुढच्या बुधवारपर्यंत राहणाऱ्याचे दिवस दोन आठवड्यांत विभागले जातात आणि फायदा निसटतो. अशा वेळी ऑयस्टरवर ७ दिवसांचं ट्रॅव्हलकार्ड भरा. ते कोणत्याही दिवसापासून सुरू होतं. रोज फिरणार असाल तरच, हे मात्र बघा.

भाडं सोमवार ते शुक्रवार सकाळी ६:३० ते ९:३० आणि संध्याकाळी ४ ते ७ या गर्दीच्या वेळात जास्त असतं. सकाळी साडेनऊनंतर बाहेर पडलात तर पैसेही वाचतात आणि उभं राहूनही जावं लागत नाही.

तपासणी: रोज रात्री बँकेच्या अॅपमध्ये त्या दिवसाची कपात बघा. फक्त झोन १-२ मध्ये फिरूनही ती ८.९० च्या फार वर दिसली तर एखादा टॅप राहिला आहे. ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या संकेतस्थळावर अपुऱ्या प्रवासाची रक्कम परत मागता येते. लवकर मागा.

टप्पा ७: योग्य गाडी, योग्य फाटा

लंडनच्या मेट्रोत लाइनचा रंग ओळखणं पुरेसं नाही, कारण एकाच लाइनला फाटे आहेत. नॉर्दर्न लाइन यात सर्वांत फसवी. कल्याणला कसारा आणि कर्जत अशा दोन वाटा फुटतात, तशा कॅम्डन टाउनला तिला एजवेअर आणि हाय बार्नेट अशा दोन वाटा फुटतात.

मराठी माणूस जिथे हमखास जातो अशा दोन जागा नेमक्या या दोन वाटांवर आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहिले ते १०, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये घेतलं आणि आता ते स्मारक म्हणून बघता येतं. जवळचं स्टेशन चॉक फार्म, एजवेअरच्या फाट्यावर. ६५, क्रॉमवेल अॅव्हेन्यू हे इंडिया हाऊसचं घर, जिथे सावरकरांच्या नावाची निळी पाटी आहे, ते हायगेटला. तिथे जायला आर्चवे किंवा हायगेट स्टेशन, हाय बार्नेटच्या फाट्यावर. दोन्ही एका दिवसात करता येतात, पण मधे कॅम्डन टाउनला उतरून गाडी बदलावी लागते. चॉक फार्मला जाताना हाय बार्नेटची गाडी पकडलीत तर केंटिश टाउन लागेल. घाबरू नका, परत कॅम्डन टाउनला या. स्टेशनबाहेर न पडता बदललंत तर जादा पैसे लागत नाहीत. इंडिया हाऊस आज खासगी घर आहे, पाटी रस्त्यावरूनच बघायची.

चढण्याआधी तीन गोष्टी वाचा, याच क्रमाने: लाइनचं नाव, दिशा, आणि फलकावर लिहिलेलं शेवटचं स्टेशन. डिस्ट्रिक्ट लाइनला अर्ल्स कोर्टपाशी अनेक फाटे फुटतात, तिथेही हाच नियम.

ओव्हरग्राउंडच्या सहा मार्गांना नोव्हेंबर २०२४ पासून वेगवेगळी नावं आणि रंग मिळाले आहेत: लायनेस, मिल्डमे, विंडरश, वीव्हर, सफ्राजेट, लिबर्टी. घरी पडलेला जुना नकाशा किंवा मित्राने दिलेला फोटो वापरू नका.

काही अंतरं नकाशावर लांब आणि प्रत्यक्षात जवळ असतात. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन पायी पाच मिनिटं. त्यासाठी भुयारात उतरू नका, आणि कॉव्हेंट गार्डनला लिफ्ट सोडून जिना तर घेऊच नका, १९३ पायऱ्या आहेत.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं. डावी बाजू घाईने जाणाऱ्यांची. चौघं मिळून अख्खी पायरी अडवली तर मागून बोलणी बसतात.

सावध: शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी लाइनचे भाग बंद असतात. शुक्रवारी रात्री ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या 'टीएफएल गो' अॅपमध्ये बघून शनिवार ठरवा. आणि २५ डिसेंबरला लंडनमध्ये मेट्रो आणि बस दोन्ही पूर्ण बंद असतात. नाताळ बघायला जाणाऱ्यांनी त्या दिवशी पायी पोहोचता येईल असंच ठरवावं.

टप्पा ८: बसला कमी लेखू नका

आपले लोक मेट्रोच्या मागे लागतात आणि बस सोडून देतात. मला हे फार खटकतं. बसचं भाडं १.७५ पौंड, आणि पहिल्या टॅपपासून तासाभरात त्याच कार्डावर कितीही बस बदलल्या तरी पुन्हा पैसे नाहीत. सगळ्या बस खालच्या पायरीच्या आहेत, चाकाची खुर्ची चढते. गुडघे दुखणाऱ्या आईला भुयारातल्या पायऱ्यांपेक्षा बस किती बरी वाटते हे एकदा करून बघा. १५ नंबरची बस टॉवर ऑफ लंडन, सेंट पॉल्स आणि स्ट्रँड भागातून जाते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर वेगळी टूरबस लागत नाही.

थांब्यांना अक्षरं असतात. एकाच चौकात के, एल, एम असे वेगळे थांबे असतात आणि तुमची बस त्यांतल्या एकाच थांब्यावर येते. अॅपमध्ये अक्षर बघून तिथेच उभे राहा, बस येताना हात दाखवा, पुढच्या दाराने चढा. उतरायचं असेल तर लाल बटण एकदा दाबा.

सावध: थांब्यावर किंवा फुटपाथच्या कडेला फोन हातात धरून उभे राहू नका. सायकल किंवा स्कूटरवरून येऊन फोन हिसकावणारे मध्य लंडनमध्ये आहेत. नकाशा बघायचा तर भिंतीकडे सरका. रेल्वेत काही संशयास्पद किंवा त्रासदायक घडलं तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर संदेश पाठवता येतो. जिवावरचा प्रसंग असेल तर ९९९.

टप्पा ९: आता स्थळांची यादी, भागांनुसार

यादी नकाशावर मांडा आणि एका दिवशी एकच भाग घ्या. वेस्टमिन्स्टर, संसद आणि बकिंगहॅम पॅलेस एका दिवशी. टॉवर ऑफ लंडन, टॉवर ब्रिज आणि नदीकाठ दुसऱ्या दिवशी. साउथ केन्सिंग्टनची तीन संग्रहालयं एका दिवशी, आणि तिथे स्टेशनपासून संग्रहालयांपर्यंत भुयारी वाट आहे, म्हणून तो दिवस पावसासाठी राखून ठेवा.

वेस्टमिन्स्टर अॅबी रविवारी पर्यटकांना बंद असतं. बकिंगहॅम पॅलेसचा पहारा बदलण्याचा सोहळा सहसा सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवारी अकरा वाजता असतो, वेळापत्रक आदल्या दिवशी बघा. ब्रिटिश म्युझियम, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, सायन्स आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम यांना प्रवेश मोफत आहे. मोफत असलं तरी ब्रिटिश म्युझियमचं वेळेचं तिकीट आधी घेतलंत तर रांग टळते.

शिवरायांची मानली जाणारी वाघनखं बघायला व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये जाणाऱ्यांसाठी: ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यात प्रदर्शित झाली. त्यासाठी केन्सिंग्टनचा दिवस आखू नका.

थेम्सवरच्या बोटीत टॅप कार्ड चालतं, पण ते भाडं दिवसाच्या मर्यादेत धरलं जात नाही. ऑक्सफर्ड, बाथसारख्या ठिकाणी जायला वेगळं रेल्वे तिकीट लागतं. ते आधी काढलं तर बरंच स्वस्त मिळतं.

टप्पा १०: परतीचा दिवस

तिकिटावरचा टर्मिनल आदल्या रात्री पुन्हा बघा, विमान कंपन्या टर्मिनल बदलतात. पिकॅडिलीच्या सगळ्या गाड्या हीथ्रोला जात नाहीत. काही अक्सब्रिजच्या फाट्यावर जातात, काही नॉर्थफील्ड्सलाच संपतात. फलकावर 'हीथ्रो' शब्द नसेल तर ती गाडी सोडा. टर्मिनल ५ साठी 'टर्मिनल ५' लिहिलेली, टर्मिनल ४ साठी 'टर्मिनल ४' लिहिलेली गाडी हवी. टर्मिनल २ आणि ३ साठी दोन्ही चालतात. चुकीच्या टर्मिनलला उतरलातच तर विमानतळावरच्या टर्मिनलांमध्ये रेल्वेने मोफत जाता येतं, फक्त वेळ जातो.

खरेदीवरचा कर विमानतळावर परत मिळतो, हे आता ब्रिटनमध्ये खरं नाही. दुकानात खरेदी करून सामानातून नेणाऱ्या पर्यटकांसाठीची ती सोय १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे, त्यामुळे पावत्या घेऊन काउंटर शोधत बसू नका. दुकानात यंत्राने "रुपये की पौंड?" विचारलं तर पौंडच निवडा, विमानतळावरच्या शेवटच्या चॉकलेटच्या डब्यालाही. रुपये निवडले की दुकानाच्या यंत्राचा महाग विनिमय दर लागतो.

ऑयस्टर कार्ड फेकू नका. त्यातली शिल्लक पुढच्या वेळी चालते. घरातलं दुसरं कुणी जाणार असेल तर कार्ड त्यांना द्या, फक्त त्यावरची मुलांची सवलत संपलेली असेल हे सांगून.